मारुतीचे उड्डाण आणि काळा दोरा

जुना पौराणिक चित्रपट तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. तुमच्या आजोबांनी तो जत्रेतल्या तंबूत पाहिला, आईवडिलांनी दूरदर्शनवर पाहिला आणि तुम्ही कदाचित मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहिला. चित्र मात्र तेच. पुठ्ठ्याची लंका, कापसाचे ढग, धुराच्या लोटातून प्रकट होणारे नारदमुनी आणि दोन्ही हात पुढे करून आकाशातून जाणारा मारुती. नीट पाहिले तर मारुतीच्या कमरेपासून वर गेलेली तारही एखाद्या क्षणी चमकून जाते. ती दिसली की आपण हसतो. पण हसून उठून जात नाही. मारुती पलीकडच्या तीरावर उतरेपर्यंत पाहतच राहतो.

असे का व्हावे? आज संगणकाच्या साहाय्याने हवा तसा समुद्र, हवा तेवढा राक्षस पडद्यावर उभा करता येतो. त्यात तार दिसत नाही की पुठ्ठा दिसत नाही. मग थोड्या पैशांत, थोड्या साधनांत केलेले हे जुने चित्रपट अजूनही लोकांना का आवडतात? भक्ती हे एक उत्तर आहेच. गोष्टीची गोडी हे दुसरे. पण आणखी एक उत्तर आहे आणि ते विज्ञानाशी जोडलेले आहे. ते सापडावे म्हणून या चित्रपटांतले चमत्कार आपण एकेक करून सोडवून पाहू या.

पहिला चमत्कार : चित्र हलते

देव प्रकट होण्याच्या आधीच पडद्यावर एक चमत्कार घडून गेलेला असतो. फिल्मच्या पट्टीवर हालचाल अशी नसतेच. तिच्यावर असतात ती ओळीने छापलेली स्थिर चित्रे. बोलपटात दर सेकंदाला अशी २४ चित्रे पडद्यावर येतात. मूकपटांच्या काळी साधारण १६ येत. एक चित्र येते, क्षणभर थांबते, अंधार होतो, पुढचे येते. आपल्याला दिसतो तो चालणारा माणूस.

पूर्वीच्या पुस्तकांत याचे कारण दृष्टिसातत्य असे दिलेले असे. म्हणजे चित्र गेले तरी त्याचा ठसा डोळ्यात क्षणभर राहतो. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. नुसता ठसाच राहिला असता तर सारी चित्रे एकमेकांवर बसून काला झाला असता. मधला अंधार जाणवत नाही तो डोळ्याच्या या मंदपणामुळे. पण दोन चित्रांतला फरक पाहून ‘हात वर गेला’ असा अर्थ लावण्याचे काम मेंदू करतो. तेव्हा चित्रपट अर्धा पडद्यावर असतो आणि अर्धा आपल्या डोक्यात. पुढच्या साऱ्या युक्त्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. दोन चित्रांच्या मध्ये काय घडले ते प्रेक्षकाला कळत नाही आणि मेंदू ती जागा आपल्या परीने भरून काढतो.

अंतर्धान पावणे

‘तथास्तु’ म्हणून देव अंतर्धान पावतो. ही युक्ती सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त. कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा. देव आणि भक्त समोरासमोर उभे. दिग्दर्शक ‘थांबा’ म्हणतो. कॅमेरा बंद होतो. भक्ताने हात जोडलेले तसेच ठेवायचे, श्वासही जपून घ्यायचा. देव चालत बाजूला निघून जातो. कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर मधला वेळ नाहीच, त्यामुळे देव क्षणात नाहीसा झालेला दिसतो.

फ्रान्समधले जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी ही युक्ती आपल्याला कशी सापडली ते सांगून ठेवले आहे. १८९६ मध्ये पॅरिसच्या एका चौकात ते चित्रण करीत असताना कॅमेरा अडकला. तो सुरू होईपर्यंत मिनिटभर गेले आणि रस्त्यावरची वाहने पुढे सरकली. फिल्म धुऊन पाहतात तो प्रवाशांच्या गाडीची एकाएकी शववाहिनी झाली होती! बिघाडातून हाती आलेली ही युक्ती पुढे जगभर पसरली.

ती पकडायची कशी? देवाकडे पाहू नका, भक्ताकडे पाहा. जिवंत माणूस पुतळ्यासारखा उभा राहू शकत नाही. देव गेला त्याच क्षणी भक्ताच्या धोतराची घडी किंवा कोपर किंचित ‘उडी’ मारते. समईची ज्योत आणि उदबत्तीचा धूर तर हमखास चुगली करतात. म्हणूनच देव प्रकट होताना धुराचा मोठा लोट सोडण्याची पद्धत पडली. धुराने दिव्यत्व येते खरेच. पण जोडही झाकला जातो.

वाटाण्याचा वेल

या युक्त्या मराठी माणसाने कशा हाती घेतल्या, ती कथा वाटाण्यापासून सुरू होते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला, छायाचित्रण, छपाई हे सारे त्यांनी शिकून घेतले होते. शिवाय ते जादूचे प्रयोग करीत. फाळके हे आडनाव उलटे वाचून पाहा. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते रंगमंचावर येत.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विमा गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र पाहून आले, कॅमेरा घेऊन आले. आता मोठ्या चित्रपटाला भांडवल हवे. पण भारतात असे काही होऊ शकते यावर विश्वास कोण ठेवणार? फाळक्यांनी व्याख्यान दिले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेत राहिले. ती एकामागून एक दाखवली तेव्हा मिनिटभरात बी रुजले, कोंब वर आला, वेल चढला. पाहणारे थक्क झाले.

हिशेब करून पाहा. मिनिटभराच्या फिल्मला सेकंदास १६ प्रमाणे ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत वाटली तर दिवसाला ३२. यात फसवणूक कोठे आहे? एका अर्थी कोठेच नाही. वेल खरोखरच तसा वाढला होता. फक्त काळ आवळला होता. चित्रपट हे काळाचे सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण दोन्ही होऊ शकते हे त्या वाटाण्याने दाखवले. आज वनस्पतिशास्त्रज्ञ वेलींची हालचाल याच पद्धतीने अभ्यासतात.

तरी पैसे पुरले नाहीत. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. एवढेच नव्हे, तर फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती धुणे, रसायने कालवणे ही कामे त्या शिकल्या. स्त्रीपात्र करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. घरचीच माणसे, घरचेच स्वयंपाकघर आणि घरचीच काळी खोली. कमी खर्चाच्या पौराणिक चित्रपटाची परंपरा आपल्याकडे अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

चौकटीगणिक चित्र घेण्याची हीच रीत परदेशात ग्रीक पुराणांच्या कामी आली. रे हॅरीहाउसेन यांनी १९६३ च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ या चित्रपटात सात सांगाडे तलवारी घेऊन लढवले. सांगाड्यांच्या बाहुल्या केसभर हलवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायच्या. कधी कधी दिवसभराच्या कष्टांतून अवघी १३ चित्रे होत. सेकंदाला २४ चित्रे लागतात. म्हणजे एका दिवसात जेमतेम अर्धा सेकंद! त्या काही मिनिटांच्या लढाईला साडेचार महिने लागले.

एका माणसाची दोन रूपे

रावणाला भुलवायला मायावी सीता उभी राहते आणि खरी सीताही शेजारीच असते. दोघींचे काम एकच नटी करते. कसे? फिल्मचा एक गुण ध्यानात घ्या. जेथे उजेड पडेल तेथेच तिच्यावर चित्र उमटते. जेथे उजेड पडला नाही तो भाग कोराच राहतो आणि नंतर वापरता येतो.

तेव्हा भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून चित्राची उजवी बाजू झाकायची. नटी डाव्या बाजूला उभी राहून आपले काम करते. मग भिंग पूर्ण झाकून फिल्म मागे गुंडाळायची, पुठ्ठा डाव्या बाजूला सरकवायचा, नटी उजवीकडे येते आणि पुन्हा चित्रण होते. यात सारा भरवसा मोजणीवर. जुना कॅमेरा हाताने फिरवावा लागे. दांडा एकदा फिरवला की ८ चित्रे होत आणि सेकंदाला दोन फेरे द्यावे लागत. दहा सेकंदांच्या प्रसंगाला २० फेरे. मागे नेतानाही बरोबर २० च. एक फेरा चुकला तर दुसरी सीता अर्धा सेकंद अगोदरच उत्तर देणार! काही कॅमेरावाले तोंडाने आकडे पुटपुटत दांडा फिरवीत, ते याचसाठी.

काळा दोरा

आता मारुतीकडे येऊ. पण आधी बाबूभाई मिस्त्री यांना भेटू. १९१८ मध्ये सुरतेला जन्मलेले बाबूभाई मुंबईच्या चित्रपटसृष्टीत लहान वयात आले. विजय भट्ट यांना अदृश्य माणसाची करामत असलेला चित्रपट काढायचा होता. परदेशातल्यासारखी यंत्रे येथे नव्हती. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या त्या चित्रपटासाठी बाबूभाईंनी काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या दोऱ्यांनी हलवल्या. पेला आपोआप उचलला जातो आहे असे प्रेक्षकांना दिसले. तेव्हापासून लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. तेव्हा त्यांचे वय विशीच्याही आत होते. पुढे होमी वाडिया यांच्या ‘हनुमान पाताल विजय’ (१९५१) सारख्या चित्रपटांतील करामती त्यांच्या हातच्या आणि ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) चे दिग्दर्शनही त्यांचेच.

दोरा दिसत नाही म्हणजे काय होते? एखादी वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या आणि मागच्या भागाच्या उजळपणात फरक असतो म्हणून. काळ्या पाटीवर कोळशाची रेघ ओढा. रेघ आहे, पण दिसत नाही. तीच पांढऱ्या भिंतीवर ओढा. दोरा किती बारीक यापेक्षा तो कशापुढे आहे हे अधिक महत्त्वाचे. म्हणून काळ्या पडद्यापुढे काळा दोरा लपतो आणि निळ्या आकाशापुढे उघडा पडतो.

माणूस उचलायचा तर दोरा चालत नाही, पोलादी तार लागते. पियानोला लावतात तसल्या चांगल्या पोलादाची १ मिलिमीटर जाडीची तार शंभर किलोग्रॅमपेक्षा अधिक भार पेलते. मग ७० किलोच्या मारुतीला एक तार पुरे, असे तुम्ही म्हणाल. पण मारुती स्वस्थ लोंबकळत नाही, झोके घेतो. झोक्याच्या तळाशी तारेवरचा ताण वजनापेक्षा वाढतो. म्हणून दोन तारा बांधायच्या. पोलाद चकाकते, म्हणून तिला काळा रंग द्यायचा. तरी एखादा दिवा नेमका तिरपा पडतो आणि तार चमकते. आपण हसतो तो हाच क्षण.

आणि उड्डाणाचा वेग? तो बहुधा मारुतीला नसतोच. मारुती जागेवरच आडवा टांगलेला असतो. त्याच्या मागच्या पडद्यावर ढगांचे चित्र सरकत असते आणि बाजूच्या पंख्याने शेला फडफडत असतो. स्थानकावर तुमची गाडी उभी असताना शेजारची गाडी सुटली की आपणच निघालो असे वाटते ना? तीच ही सापेक्ष गती.

कुंभकर्ण किती मोठा?

राक्षस मोठा दाखवायला मोठा माणूस लागत नाही. डोळ्याला किंवा भिंगाला वस्तूची उंची कळत नाही. ती केवढा कोन व्यापते एवढेच कळते. सारख्या उंचीचे दोन नट घ्या. कुंभकर्णाला कॅमेऱ्यापासून २ मीटरवर बसवा आणि वानरांना १० मीटरवर उभे करा. वानर पाचपट दूर, म्हणून पडद्यावर पाचपट लहान. मधली जमीन चौथऱ्याआड किंवा खडकाआड झाकली की दोघे शेजारी आहेत असे वाटते.

प्रत्यक्षात हा डाव आपण लगेच ओळखू. कारण आपल्याला डोळे दोन आहेत आणि दोन डोळ्यांच्या किंचित वेगळ्या प्रतिमांवरून मेंदू अंतर ताडतो. कॅमेरा एकाक्ष आहे. त्याला हे साधन नाही. अडचण एकच, जवळचा कुंभकर्ण आणि दूरचे वानर दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. छिद्राचा व्यास निम्मा केला की आत येणारा उजेड चौथा हिस्सा होतो; म्हणजे दिवे चौपट हवेत. ज्याच्याकडे दिवे नाहीत त्याने काय करावे? कुंभकर्णाला मांडवातून बाहेर काढून भर दुपारच्या उन्हात झोपवावे! सूर्य भाडे मागत नाही.

थेंब खोटे बोलत नाही

शेवटचा चमत्कार सर्वांत अवघड. मनोरे कोसळतात, समुद्र खवळतो, लंका जळते. खरा मनोरा बांधून पाडणे परवडत नाही, म्हणून लहान प्रतिकृती करतात. दिसायला ती हुबेहूब असते. तरी पडली की खेळणे पडल्यासारखे वाटते. का?

गुरुत्वाकर्षण प्रतिकृतीसाठी लहान होत नाही. खाली पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १६ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सुटलेला दगड सुमारे १.८ सेकंदांत जमिनीवर येतो. १ मीटरच्या प्रतिकृतीवरून सुटलेला खडा ०.४५ सेकंदातच येतो. उंची १६ पट लहान, वेळ ४ पट लहान. म्हणजे प्रतिकृतीतला काळ चौपट घाईचा. ती घाई मोडायची तर चित्रण सेकंदाला ९६ चित्रे या वेगाने करून २४ या वेगाने दाखवायचे. असा वेगवान कॅमेरा ज्यांच्याजवळ नसे त्यांचे मनोरे भराभर कोसळत. प्रेक्षकाला सूत्र ठाऊक नसते, पण लहानपणापासून वस्तू पडताना पाहून त्याच्या डोळ्याला गुरुत्वाकर्षण चांगले पाठ असते.

पाणी तर त्याहून हट्टी. कॅमेरा वेगाने फिरवून लाटा संथ करता येतात, पण थेंब लहान करता येत नाही. पाण्याचा थेंब किती मोठा होणार हे पृष्ठताण ठरवतो आणि तो नियम खऱ्या समुद्रात आणि परातीत एकच आहे. परातीतल्या समुद्रात ५ मिलिमीटरचा थेंब उडाला आणि प्रतिकृती १६ पट लहान असली, तर पडद्यावर तो ८ सेंटिमीटरचा वाटतो. मोसंब्याएवढे थेंब उडवणारा समुद्र कोणी पाहिला आहे? ज्वालेचेही तसेच. आगपेटीएवढ्या घराला लागलेली आग त्या घराच्या मानाने फार मोठ्या जिभा काढते. जळती लंका आणि खवळलेला समुद्र यांत प्रतिकृती ओळखू येते ती येथे.

सोंग आणि फसवणूक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या साऱ्या युक्त्यांत एक समान धागा दिसतो. त्या सर्व कॅमेऱ्यासमोर खरोखर घडल्या आहेत. तार खरी, तिच्यावरचा भार खरा. मनोरा लहान, पण पडला तो खऱ्या गुरुत्वाकर्षणाने. म्हणून त्यांतली चूकही निसर्गाच्या नियमाप्रमाणेच होते आणि ती नजर असलेल्या कोणालाही सापडते. पैसा थोडा असल्यामुळे युक्ती पूर्ण झाकता येत नाही. थोडी फट राहते. त्या फटीतून प्रेक्षक आत डोकावतो आणि स्वतःशी म्हणतो, ‘हे असे केले असणार!’ चमत्कार पाहण्याचा आनंद आणि कोडे सोडवण्याचा आनंद एकाच तिकिटात मिळतो. माझ्या मते या चित्रपटांच्या गोडीचे मोठे कारण हे आहे.

तार दिसल्याने भक्तीला बाध येत नाही का? आपल्याकडे येत नाही, कारण आपल्याला सोंग पाहण्याची सवय आहे. कोकणातल्या दशावतारात लाकडी सोंड लावून गणपती येतो. तो गावातलाच कोणी आहे हे सर्वांना माहीत असते, तरी हात जोडले जातात. १९७५ मध्ये ‘शोले’ गाजत असतानाच ‘जय संतोषी माँ’ हा अगदी थोड्या खर्चात केलेला चित्रपट तुफान चालला. प्रेक्षक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यापुढे नाणी टाकीत. त्यांना चित्रपट म्हणजे काय हे कळत नव्हते असे मुळीच नाही. सोंग हे सोंग आहे हे जाणूनच त्यात रमता येते.

फसवणूक निराळी. हवेतून अंगारा काढणारा बुवा हातचलाखीच करतो, पण ती दैवी शक्ती आहे असे सांगतो आणि कोणी ‘कसे केले?’ असे विचारले की रागावतो. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असे चमत्कार दाखवून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला आहे. फाळक्यांची रीत पाहा. हा जादूगार दिग्दर्शक १९१७ च्या सुमारास चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवणारी एक छोटी फिल्म काढून मोकळा झाला. तिच्या उरलेल्या तुकड्यांत ते स्वतः काम करताना दिसतात. पोतडी उघडून दाखवल्याने त्यांचे प्रेक्षक कमी झाले नाहीत.

आज हा फरक ओळखण्याची गरज वाढली आहे. कोणाच्याही तोंडी न बोललेले शब्द घालणारी चित्रफीत संगणक तयार करू शकतो आणि ती क्षणात हजारो लोकांकडे पोचते. तिच्यात तार चमकत नाही. तेथे डोळ्याबरोबर दुसरी साधने लागतात. ही कोणी केली, कोठून आली, मूळ चित्रफीत कोणती, हे विचारावे लागते. पण विचारण्याची सवय आधी हवी. ती सवय लावायला पुठ्ठ्याच्या लंकेसारखी शाळा नाही, कारण तेथे चुकलो तरी कोणाचे नुकसान होत नाही आणि बरोबर आलो तर हसू येते.

करून पाहा

१. जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानागणिक एक याप्रमाणे २४ चित्रे काढा. चेंडू वरून पडतो असे दाखवा. आधी प्रत्येक पानावर तो सारख्या अंतराने खाली आणा. दुसऱ्या वहीत अंतर १, ३, ५, ७ असे वाढवत न्या. पाने फरफर उलटून पाहा. कोणता चेंडू खरा वाटतो? का?

२. एका मित्राला मैदानात दूर उभे करा, दुसऱ्याचा तळहात मोबाईलच्या भिंगाजवळ धरा आणि मित्र तळहातावर उभा आहे असे छायाचित्र घ्या. मग तेच दृश्य आधी दोन्ही डोळ्यांनी, नंतर एक डोळा मिटून पाहा. फरक लिहून ठेवा.

३. परातीत पाणी घेऊन कागदी होडी सोडा. फुंकर मारून लाटा करा. साधे चित्रण आणि मंद गतीचे चित्रण दोन्ही घ्या. लाटा कोणत्या चित्रणात मोठ्या वाटतात? थेंब लहान वाटावेत म्हणून काय करता येईल? थोडा साबण घालून पाहा.

४. कुंडीत वाटाणा किंवा मूग पेरा. मोबाईल ठेवण्याची जागा खडूने आखून घ्या आणि रोज ठरलेल्या वेळी चार छायाचित्रे काढा. महिन्याने ती ओळीने पाहा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या जुन्या पौराणिक चित्रपटाची पाच मिनिटे वर्गात दाखवावीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. काय दिसले, ते कसे केले असेल आणि तसेच केले हे कशावरून म्हणता. तिसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल. तो द्यावा. अर्ध्या वर्गाला तार सापडेल, पण एखादी मुलगी समईच्या ज्योतीकडे पाहत बसली असेल. तिचे उत्तर सगळ्यांना वाचून दाखवा.